नेक्सस कार्ड आणि भाऊबीज: अमेरिका-कॅनडा सीमेवरचा आमचा वर्षभराचा अनुभव

माझी नणंद कॅनडातील सरे शहरात राहते आणि आम्ही सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बॉथेलमध्ये राहतो. दोन्ही घरांमध्ये गाडीने अडीच तासांचे अंतर आहे, पण मध्ये दोन देशांची सीमा आहे, आणि सणासुदीच्या दिवशी या अडीच तासांचे पाच तास कसे होतात हे या भागात राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ठाऊक आहे. ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ सदस्यत्व, म्हणजे आधीच तपासणी करून घेतलेल्या प्रवाशांना सीमेवर आणि विमानतळावर मिळणारी जलद वाट, नेमके कोठे उपयोगी पडते आणि त्याचे कार्ड हातात असणे कोठे सक्तीचे आहे, हे समजून घ्यायला आम्हांला जवळजवळ एक वर्ष लागले. या काळात मनात जे प्रश्न आले, त्यांची उत्तरे एका जागी मराठीत मिळाली असती तर मनावरचा बराच ताण हलका झाला असता, म्हणून हा अनुभव क्रमाने लिहून ठेवते आहे.

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. सकाळी साडेसातला निघून आम्ही दहाच्या आत ब्लेनच्या पीस आर्च नाक्यापाशी पोहोचलो होतो. महामार्गावरचे प्रतीक्षेचे फलक सर्वसाधारण रांगेसाठी ९० मिनिटे आणि नेक्ससच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त योजनेतील सदस्यांच्या, रांगेसाठी ५ मिनिटे दाखवत होते. माझ्या आणि माझ्या पतींच्या पाकिटात ग्लोबल एन्ट्रीची, म्हणजे परदेशातून अमेरिकेत परतताना विमानतळावर लवकर सुटका करणाऱ्या योजनेची, कार्डे होती. दोन वर्षांपूर्वी भारतवारीसाठी आम्ही ते सदस्यत्व घेतले होते, टपालाने आलेली कार्डे तेव्हापासून तशीच पडून होती, आणि ही कार्डे नेक्ससच्या रांगेत चालतात असे कोणाकडून तरी ऐकलेले होते. पती गाडी त्या मार्गिकेकडे वळवणार, इतक्यात मी फोनवर सीमा सुरक्षा विभागाचे पान उघडून वाचले, आणि मला त्यांना थांबवावे लागले. ऐकलेली माहिती निम्मीच खरी होती. ग्लोबल एन्ट्रीचे कार्ड नेक्ससच्या मार्गिकेत चालते, परंतु केवळ अमेरिकेत परत येताना. कॅनडात शिरताना त्या मार्गिकेत फक्त नेक्ससचे सदस्यत्व मान्य असते.

आम्ही सर्वसाधारण रांगेत उभे राहिलो. समोर १९२१ साली उभारलेली ती पांढरी कमान दिसत होती, तिच्यावर ‘एकाच मातेची लेकरे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले आहेत, आणि माझी सात वर्षांची मुलगी मागच्या सीटवर बसून ते पुन्हा पुन्हा वाचत होती. एक तास चाळीस मिनिटांनी आमची पाळी आली. नणंद ओवाळणीचे तबक तयार ठेवून सकाळपासून उपाशी बसली होती.

त्या रात्री परतताना दुसरा नियम कळला. येताना तरी आमची दोघांची कार्डे चालतील असे वाटले होते, पण मुलीचे सदस्यत्वच नव्हते. नेक्ससच्या मार्गिकेत गाडीतील प्रत्येक व्यक्ती सदस्य असावी लागते, मग ती तान्हे बाळ का असेना. एक जरी माणूस सदस्य नसला तरी संपूर्ण गाडीने सर्वसाधारण रांगेत जायचे असते, आणि हा नियम मोडल्यास असलेले सदस्यत्वही जाऊ शकते. माझे वडील, आप्पा, सातारा आगारात तीस वर्षे एस.टी.चे वाहक होते. फोनवर हे ऐकताच ते म्हणाले, “अगं, पास ज्याचा त्याचा असतो. आईच्या पासवर मुलाला सवलत मिळत नाही.” मला तोपर्यंत कोणीही इतक्या सोप्या शब्दांत समजावले नव्हते.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी आम्ही तिघांचे नेक्ससचे अर्ज भरले. अमेरिकेचे नागरिक, अमेरिकेचे ग्रीन कार्डधारक, कॅनडाचे नागरिक आणि तेथील कायमचे रहिवासी यांना नेक्ससचे सदस्यत्व मागता येते. आम्ही दोघे भारतीय पासपोर्ट बाळगणारे ग्रीन कार्डधारक आहोत, मुलगी जन्माने अमेरिकन नागरिक आहे, त्यामुळे तिघेही पात्र होतो. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड नाही, जे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, अशा भारतीय नागरिकांना नेक्सस मिळत नाही. त्यांना २०१७ पासून ग्लोबल एन्ट्रीसाठी अर्ज करता येतो, मात्र त्यांची भारत सरकारकडूनही पडताळणी होते आणि मंजुरीनंतर त्यांना कार्ड दिले जात नाही. आमच्या एका स्नेह्यांनी महिनाभर टपालपेटी तपासत काढला होता, म्हणून हे मुद्दाम लिहिते. कार्ड आले नाही याचा अर्थ अर्जात काही चुकले असा होत नाही. विमानतळावर त्यांचे काम पासपोर्टवर होते.

अर्ज संपूर्णपणे ऑनलाइन आहे. प्रत्येकाचे लॉगिन-डॉट-गव्ह या अमेरिकी सरकारच्या लॉगिन-सेवेवर स्वतंत्र खाते लागते आणि एका ईमेलवर एकच खाते निघते, म्हणून मुलीसाठीही वेगळा ईमेल तयार करावा लागला. त्यानंतर मागील पाच वर्षांचे सर्व पत्ते, सर्व नोकऱ्या आणि भेट दिलेले सर्व देश भरायचे असतात. पत्ते आणि नोकऱ्या यांच्या तारखांमध्ये एका महिन्याचीही फट राहू नये, अशी मी काळजी घेतली. मुलीच्या जन्मानंतर मी बराच काळ नोकरी करत नव्हते, तो काळही तसा स्पष्ट नोंदवला. पासपोर्टवरील शिक्के पाहून देशांची यादी आधी कागदावर लिहून काढली तर स्क्रीनसमोरची घालमेल वाचते.

सर्वांत जास्त वेळ नावाने घेतला. आपल्याकडे पासपोर्टवर ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे अशी दोन नावे एकत्र असतात, तर येथील अर्जात पहिले, मधले आणि शेवटचे असे तीन रकाने असतात. माझ्या ग्रीन कार्डवर नाव एका पद्धतीने, वाहन परवान्यावर दुसऱ्या पद्धतीने छापलेले होते. शेवटी पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतले नाव मी प्रमाण मानले, आणि माहेरचे नाव ‘इतर नावे’ या रकान्यात न विसरता भरले. लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येकीने येथे थांबून दोनदा वाचावे.

शुल्क प्रत्येकी १२० डॉलर. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी ते ५० डॉलर होते, म्हणजे आम्ही जेमतेम पाच आठवडे उशीर केला, आणि त्याची मला बरेच दिवस हळहळ वाटली. पालक सदस्य असतील किंवा सोबत अर्ज करत असतील तर १८ वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. एकंदर २४० डॉलर भरले. अर्ज नामंजूर झाला तरी ही रक्कम परत मिळत नाही. सदस्यत्व मात्र पाच वर्षांचे असते आणि नेक्ससमध्येच ग्लोबल एन्ट्री व विमानतळावरील सुरक्षा तपासणीची जलद रांग, म्हणजे टीएसए प्रीचेक, यांचे लाभ येतात, त्यामुळे सीमेजवळ राहणाऱ्या कुटुंबाला माझ्या मते हे अधिक सोयीचे आहे.

पुढे वाट पाहणे आले. मुलीच्या अर्जाला नोव्हेंबर संपायच्या आत सशर्त मंजुरी, म्हणजे पुढे मुलाखत होण्याच्या अटीवरचा होकार, मिळाली, पतींच्या अर्जाला ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, आणि माझा अर्ज तसाच. नेक्सससाठी दोन्ही देश आपापली तपासणी करतात आणि दोघांनीही होकार द्यावा लागतो. हे ठाऊक असूनही माझ्या मनात नाना शंका येत. नावात चूक झाली असेल का, नोकरी नसलेल्या काळामुळे अडले असेल का, माहेरच्या नावामुळे काही गोंधळ झाला असेल का? आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी सायंकाळी, खाते उघडून पाहायचे असा मी नियम केला, आणि तो नियम मला फार उपयोगी पडला. २७ मार्चला माझी सशर्त मंजुरी आली. एकाच घरातल्या, एकाच दिवशी भरलेल्या अर्जांना इतका वेगवेगळा वेळ लागू शकतो, हे आधी माहीत असते तर ती धाकधूक झाली नसती.

मुलाखतीची वेळ मिळवणे हेही एक काम होते. आम्हांला तिघांना सलग वेळा हव्या होत्या आणि त्या मिळत नव्हत्या. कोणीतरी वेळ रद्द केली की ती लगेच खात्यात दिसते, म्हणून सकाळी चहाच्या वेळी पाहत राहिलो आणि एप्रिलच्या मध्यात १४ मे २०२५ च्या तीन वेळा हाती लागल्या. ब्लेनचे नोंदणी केंद्र प्रत्यक्ष सीमेवर नाही. अलीकडे बर्च बे स्क्वेअर नावाचे दुकानांचे संकुल आहे, त्यात ते आहे, आणि नकाशा न पाहता थेट नाक्याकडे गेल्यास वेळ चुकण्याची शक्यता असते.

एका फाइलमध्ये तिघांचे पासपोर्ट, दोघांची ग्रीन कार्डे, वाहन परवाने, घरच्या पत्त्यासाठी विजेचे बिल, गाडीच्या नोंदणीचा कागद, मुलीचा जन्मदाखला आणि सशर्त मंजुरीची पत्रे घेतली होती. मुलांसाठी आई आणि वडील दोघेही हजर असलेले बरे. एकालाच जाणे शक्य असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्र जवळ ठेवावे. आम्हांला एक कॅनडाचा आणि एक अमेरिकेचा असे दोन अधिकारी भेटले. प्रश्न सरळ होते: कॅनडात कशासाठी जाता, किती वेळा जाता, कधी अटक झाली आहे का, सीमेवर कधी काही वस्तू जप्त झाली आहे का. माझ्या हातांना घाम आला होता, आणि बोटांचे ठसे घेताना यंत्र ते नीट वाचेना. अधिकारी महिलेने कागदी रुमाल पुढे केला आणि घाई नसल्याचे सांगितले. तेवढ्या एका वाक्याने मला धीर आला. मुलीला तिने एवढेच विचारले की तुझी आत्या तुला काय खायला देते, आणि मुलीने करंजी म्हणजे काय हे बरेच सविस्तर समजावून सांगितले. प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटांत काम संपले.

त्या अधिकाऱ्यांनी शेवटी चार गोष्टी बजावून सांगितल्या. कार्ड दुसऱ्याला वापरायला द्यायचे नाही. गाडीत सदस्य नसलेला माणूस असेल तर या मार्गिकेत यायचे नाही. पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड नवे झाले तर खात्यातील माहिती बदलायची. आणि खाण्याच्या वस्तू, विशेषतः फळे, भाज्या व मांस, कोणी विचारण्याआधीच जाहीर करायच्या.

२७ मे रोजी तीन लिफाफे टपालाने आले. प्रत्येकात कार्ड आणि ते ठेवण्यासाठी एक आवरण होते. कार्डात रेडिओ लहरींनी वाचली जाणारी चिप असते आणि नको तेव्हा ती वाचली जाऊ नये यासाठी ते आवरण असते, म्हणून ते टाकून देऊ नये. कार्ड आले म्हणजे काम संपले असेही नाही. अर्ज जिथे भरला त्याच संकेतस्थळावरील आपल्या खात्यात जाऊन ते तीस दिवसांत सक्रिय करावे लागते. आम्ही त्याच सायंकाळी तिन्ही कार्डे सक्रिय केली. मुलीने आपल्या कार्डावरचा फोटो पाहून त्यात आपले डोळे मिटल्यासारखे दिसतात अशी तक्रार केली.

शनिवार, १२ जुलै २०२५ रोजी आम्ही पहिल्यांदा नेक्ससच्या मार्गिकेतून गेलो. सर्वसाधारण रांगेचा फलक ६५ मिनिटे दाखवत होता. पद्धत अशी असते: नाक्याच्या खिडकीआधी एक खांब आणि वाचक यंत्र असते. तिथे थांबून, आवरणातून बाहेर काढलेली सर्वांची कार्डे, एकमेकांवर न ठेवता, यंत्राकडे धरायची. पतींनी दोन कार्डे पत्त्यांसारखी पसरून धरली, तिसरे मी मागून पुढे केले. आपली पाळी आली की खिडकीशी जायचे, तोपर्यंत अधिकाऱ्यासमोरच्या पडद्यावर सर्वांची छायाचित्रे आलेली असतात. कोठे निघालात आणि सोबत काय आहे, इतकेच विचारले गेले. आम्हां दोघांचे पासपोर्ट आणि ग्रीन कार्डे मांडीवर तयार होती. नेक्सस मिळाले तरी ग्रीन कार्डधारकाने ही दोन्ही कागदपत्रे घरी ठेवायची नसतात, हे कृपया लक्षात घ्यावे. मार्गिकेत शिरल्यापासून कॅनडाच्या महामार्गावर लागेपर्यंत नऊ मिनिटे लागली.

परतीच्या वेळी मात्र नणंदेने प्रेमाने दिलेली पिशवी मला तिच्या दारातच उघडावी लागली. तिखट, मेतकूट, लोणचे, आणि ओल्या पंचात गुंडाळलेली ताज्या कढीपत्त्याची मोठी जुडी. ताजा कढीपत्ता अमेरिकेत आणू देत नाहीत, कारण लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग त्यासोबत येऊ शकतो. सरेच्या भारतीय दुकानांत तो सहज मिळतो, त्यामुळे तिच्या मनात ते आलेच नाही, आणि मी जुडी परत दिली तेव्हा तिला क्षणभर वाईट वाटले. सदस्यांकडून नियम अधिक काटेकोरपणे पाळण्याची अपेक्षा असते. न सांगता राहिलेले एखादे फळसुद्धा सदस्यत्व गमावण्यास कारण ठरू शकते. तेव्हापासून निघण्याआधी मी गाडीची मागची सीट आणि मुलीची दप्तराची पिशवी तपासते, कारण अर्धवट खाल्लेले सफरचंद बहुधा तिथेच असते.

ऑगस्टमध्ये आप्पांना आणायला आम्ही साताऱ्याला गेलो आणि या कार्डाची दुसरी बाजू समजली. सिअ‍ॅटल विमानतळावर प्रीचेकच्या रांगेत कार्ड कोणीही मागितले नाही. तेथे कार्डाच्या मागे छापलेला सदस्य क्रमांक तिकिटाच्या नोंदीत आधीच भरलेला असावा लागतो, आणि तो बोर्डिंग पासवर उमटतो. तिकिटात क्रमांक नसेल तर कार्ड हातात असूनही ती रांग मिळत नाही. परत येताना ग्लोबल एन्ट्रीच्या यंत्रासमोर उभे राहिलो, कॅमेऱ्याने चेहरा ओळखला, अधिकाऱ्याने पासपोर्ट व ग्रीन कार्ड पाहिले, आणि नेक्ससचे कार्ड पर्समधून बाहेरसुद्धा आले नाही.

आप्पांनी मुंबईत आणखी एक प्रकार दाखवला. भारत सरकारची ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ ही योजना जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह इतर काही विमानतळांवर सुरू झाली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) यांच्यासाठी ती विनाशुल्क आहे. आप्पांच्या पासपोर्टची मुदत भरपूर होती, त्यांनी उन्हाळ्यातच भावाच्या मुलाच्या मदतीने अर्ज भरला आणि बोटांचे ठसे देऊन ठेवले. मुंबईला त्यांनी फाटकापाशी बोर्डिंग पास आणि पासपोर्ट ठेवला, चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला, आणि फाटक उघडले. आम्ही दोघे नोंदणी न केल्यामुळे शेजारच्या रांगेत पाऊण तास होतो. पलीकडे भेटल्यावर त्यांनी विचारले, “मला कार्ड नाही तरी मी गेलो. मग तुमच्या कार्डाचा उपयोग काय?”

हाच प्रश्न मला बरेच जण विचारतात, म्हणून आप्पांना दिलेले उत्तर येथे देते. विमानतळावर माणूस पायी, एकेकटा, पासपोर्ट हातात घेऊन यंत्रासमोर येतो, त्यामुळे त्याचा चेहरा आणि पासपोर्ट पुरतो. रस्त्यावरच्या सीमेवर चार माणसे एका चालत्या गाडीत असतात, आणि गाडी खिडकीशी पोहोचण्याआधी त्या चौघांची माहिती अधिकाऱ्यासमोर यायची असते. ते काम कार्डातील चिप करते. म्हणून कार्ड प्रत्यक्ष हातात लागते ते रस्त्यावरच्या खास मार्गिकेत. नायगाराजवळचा व्हर्लपूल पूल तर केवळ नेक्सस सदस्यांसाठीच आहे, आणि तोही ठरावीक वेळेतच उघडा असतो. मेक्सिकोकडून येताना सेन्ट्री नावाच्या मार्गिका आहेत, तेथे अमेरिकेत शिरताना नेक्सस आणि ग्लोबल एन्ट्रीची कार्डे चालतात, परंतु गाडीचीही आगाऊ नोंदणी लागते. आमच्या कॅनडाकडच्या बाजूला गाडीची अशी नोंदणी लागत नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५, पुन्हा भाऊबीज. पतींनी आणि मी रजा घेतली, मुलीच्या शाळेला कळवले. आप्पांकडे अमेरिकेचा आणि कॅनडाचा असे दोन्ही व्हिसा होते, पण अभ्यागत व्हिसावर आलेल्या माणसाला नेक्सस मिळत नाही, म्हणजे चौघांच्या गाडीला सर्वसाधारण रांग ठरलेली होती. नेक्ससचा फलक ५ मिनिटे दाखवत असताना आम्ही त्याच्या शेजारून ४० मिनिटांच्या रांगेत गेलो. या वेळी पहाटे साडेपाचला निघालो होतो आणि नणंदेला आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते की ओवाळणी साडेनऊनंतर होईल, तोवर तिने काहीतरी खाऊन घ्यावे.

रांगेत आप्पांनी आमची तीन कार्डे मागून घेतली, चष्मा लावून पुढून-मागून वाचली, मुदत कोणत्या साली संपते ते पाहिले आणि एकेक करून आवरणात घालून परत दिली. खिडकीशी आल्यावर पतींनी चार पासपोर्ट आणि दोन ग्रीन कार्डे पुढे केली. अधिकाऱ्याने विचारले की कोणाकडे निघालात. मागून आप्पांनीच इंग्रजीत उत्तर दिले की जावई आपल्या बहिणीकडे निघाले आहेत, आज त्यांचा सण आहे.